नवा कार्बन

सात रस्त्याजवळच्या त्या कचेरीत एकच कारकून होते आणि त्यांची काटकसर एखाद्या कडक व्रतासारखी होती. टंकलेखनाचा कार्बन फिकट झाला की ते तो खिडकीतल्या उन्हात धरीत. उन्हाने शाई पुन्हा वर येते, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी दिलेल्या तिसऱ्या प्रतीतील अक्षरे मात्र निर्गुण निराकारच असत. त्यांनी टंकून दिलेल्या आमच्या पाठशाळेच्या अर्जांच्या नकला मी त्यामुळे भक्तिभावानेच वाचत असे.

एके सकाळी मी तेथे बसलो असता करकंबच्या एक बाई लेकीच्या दाखल्याची नक्कल घेऊन परत आल्या.

"साहेब, बार्शीच्या कालिजानं काल माघारी धाडलं की! म्हनत्यात, पोरीचं नावच दिसंना. आज शेवटचा दिस हाय."

कारकुनांनी ती नक्कल डोळ्यांजवळ नेली आणि ते वरमले. जानव्याला बांधलेल्या किल्लीने त्यांनी कपाट उघडले, नवाकोरा कार्बन काढला, दाखला पुन्हा टंकला, शिक्का मारला.

"पळा मावशी, अकराची गाडी मिळेल."

बाई गेल्यावर माझी कौतुकाची नजर त्यांना सोसेना.

"गुरुजी, बाहेर बोलू नका हं," ते हळूच म्हणाले, "नाहीतर उद्या आमचे साहेबही नवाच मागतील."