गुडघ्याची वाटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि जिला सगळं आधीपासून माहीत आहे, त्या आईशीही याविषयी एक अक्षर बोललेली नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वसईत हाडांच्या एका दवाखान्यात बावीस वर्षं काम करतेय. अर्ध्या वसईचे गुडघे माझ्या हाताखालून गेलेत, असं मी पूर्वी हसत म्हणायचे. त्यात एक माझ्या आईचाही होता — उजवा.

आई शाळेत शिक्षिका होती. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चारेक वर्षांपूर्वी तिचा गुडघा दुखायला लागला. दुखणं जरा वेगळंच होतं. सपाट रस्त्यावर ती खुशाल बाजारापर्यंत चालत जायची. जिना उतरताना मात्र कठडा धरून एकेक पायरी. खुर्चीतून उठताना चेहरा आक्रसायचा. मी एक्स-रे काढून घेतला. सांध्यातलं अंतर वयाच्या मानाने चांगलं होतं. मी म्हणाले, आई, वय झालं, एवढं चालायचंच. मग शेक दिला, मशीन लावलं, पाय सरळ उचलायचा तो नेहमीचा व्यायाम दिला. आठ महिने! खरं सांगू? परक्या पेशंटला मी पलंगावर झोपवून तपासते. आईला मी स्वयंपाकघरात, भाजी चिरता चिरता तपासलं होतं.

त्याच काळात सिल्विया दवाखान्यात आली. जवळच्या गास गावची, सव्वीस वर्षांची, घरची भाजीची वाडी. स्कूटरवरून यायची, कमी बोलायची. डॉक्टरांनी तिला माझ्या हाताखाली दिलं. पहिले काही महिने मला ती आवडायची — हे सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी सुरुवातीपासूनच... नाही. तसं नव्हतं.

भाचीच्या लग्नासाठी मी आठवडाभर रत्नागिरीला गेले. आईला मशीन लाव, एवढंच सिल्वियाला सांगून गेले. तिने मशीन लावलंच नाही. आईला झोपवलं, गुडघ्याच्या वाटीवर अंगठे ठेवून ती चारी बाजूंना हलवून पाहिली. एका बुटक्या लाकडी पायरीवर उभं केलं, एका पायावर हळूच खाली उतरायला सांगितलं, आणि स्वतः जमिनीवर बसून गुडघा कुठे वळतो ते बघत राहिली. मग डॉक्टरांना विचारून वेगळा एक्स-रे काढून घेतला, गुडघा वाकवून वाटीची मागची बाजू दिसेल असा. त्यात दिसलं. वाटी आणि मांडीचं हाड यांच्यातलं अंतर बाहेरच्या बाजूला जवळजवळ संपलं होतं. झीज वाटीमागे होती, आणि तिथे मी कधी पाहिलंच नव्हतं.

उपचार म्हणाल तर साधे. वाटी आतल्या बाजूला ओढून धरेल अशी पट्टी. मांडीचे आणि खुब्याचे व्यायाम, थोडे थोडे वाढवत. खुर्ची उंच. आणि एक सक्त सूचना — उकिडवं बसायचं नाही, खोल बैठका मारायच्या नाहीत, वाटीवर तो भार नको. दोन महिन्यांत आई कठड्याला हात न लावता तीन मजले उतरायला लागली.

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का?

जेवताना आईचं सुरू व्हायचं. सिल्विया म्हणते, मांडी मजबूत तर वाटी शांत. सिल्विया म्हणते, दुखलं तर थांबा, घाबरू नका. मी त्याच विषयात तेव्हा अठरा-एकोणीस वर्षं घालवलेली, आणि माझी आई मला वाटीचा सांधा समजावून सांगत होती! दवाखान्यातही पेशंट आत डोकावून विचारायचे, ती मुलगी आहे का आज? मी हसून हो म्हणायचे. आत काहीतरी जळत असायचं. दिवसभर, जेवणात, अंघोळीतसुद्धा.

एका शनिवारी सिल्विया आईला तिच्या घरी गासला घेऊन गेली. मी गॅलरीतून पाहिलं. एकाहत्तर वर्षांची माझी आई साडी सावरून स्कूटरवर मागे बसली, सिल्वियाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि कशावर तरी मोठ्याने हसली. माझ्या खांद्यावर तिने शेवटचा हात कधी ठेवला होता? आठवेना. संध्याकाळी ती राजेळी केळी घेऊन आली आणि म्हणाली, "मुलगी गुणाची आहे गं. हिच्याकडे आधी गेले असते तर आठ महिने वाया गेले नसते."

तिला टोचायचं नव्हतं. ती सहज बोलून गेली.

रविवारी सकाळी मी आईला म्हणाले, व्यायामाची पुढची पायरी आता. पलंगाचा कठडा धरून पूर्ण खाली बसायचं आणि उठायचं. सकाळी वीस, संध्याकाळी वीस. आईने विचारलं, "सिल्विया तर नको म्हणाली होती ना?" मी म्हणाले, "ते सुरुवातीला. मीही शिकलेली आहे, आई."

त्या बैठकांनी काय होणार हे मला ठाऊक होतं. पक्कं ठाऊक होतं. ती मोडून पडावी असं मला वाटत नव्हतं. थोडं दुखावं — एवढंच. सिल्वियाचं नाव एक दिवस तरी घरात निघू नये. आईने बिचारीने शाळेतल्यासारखं मोजून केलं. दुखलं तरी थांबली नाही, कारण सांगणारी मी होते.

चौथ्या दिवशी गुडघा सुजला. पाणी झालं. दवाखान्यात डॉक्टरांनी सुई लावून ते काढलं आणि विचारलं, "बैठका कुणी सांगितल्या?"

खोलीत आम्ही चौघंच होतो. सिल्वियाने स्वतःची वही उघडली, पानं चाळली, म्हणाली, "मी नाही सांगितल्या, सर." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. आईही माझ्याकडेच बघत होती.

मी म्हणाले, "नवीन मुलं उत्साहाच्या भरात बोलून जातात, सर. लिहून ठेवायचं राहतं."

आता आई बोलेल, असं वाटलं. तिने नजर काढून घेतली. पायावरची चादर सारखी केली आणि म्हणाली, "कोण म्हणालं ते मला नीट आठवत नाही." जन्मभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवत आलेली बाई. माझ्यासाठी खोटं बोलली, आणि सिल्वियाने ते ऐकलं. वही मिटली.

त्यानंतर डॉक्टरांनी तिला नवे पेशंट देणं बंद केलं. शेक आणि मशीन, एवढंच काम. तीन महिन्यांत ती सोडून गेली. मी निरोपाच्या केकचा तुकडा खाल्ला.

गुडघ्याची सूज उतरली, पण आईचा धीर परत आला नाही. मी व्यायाम सांगितला की ती मान डोलावते आणि करत नाही. सिल्वियाकडे परत जायचं तिला तोंड उरलं नाही, आणि माझ्यावर — माझ्यावर विश्वास कशाला ठेवेल? महिन्यातून एखाद्या वेळी खाली उतरते, तीही माझ्या नवऱ्याच्या दंडाला धरून. मला ती कधी काही बोलली नाही. एकदा तरी बोलायला हवी होती, असं वाटतं. मग वाटतं, तेवढीही सुटका मला का मिळावी?

गेल्या महिन्यात बाजारात सिल्विया भेटली. आता घरोघरी जाऊन पेशंट बघते, पार वटार गावापर्यंत. तिने पहिलं विचारलं, "टीचरचा गुडघा कसा आहे?"

मी म्हणाले, बरा आहे. रोज उतरते.

तिचा चेहरा खुलला. मग हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मी खूप विचार केला. माझ्याच तोंडून गेलं असेल बैठकांचं. अजूनही कुणाचा व्यायाम वाढवायचा झाला की तीन-तीनदा वही बघते."

ती समोर उभी होती. हातभर अंतरावर. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "होतं असं कधी कधी."

तिने माझे आभार मानले. मी मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि घरी गेले. आई खिडकीशी बसली होती. बाजारात कोण कोण भेटलं, तिने विचारलं. कुणी नाही, मी म्हणाले.