थ्री फेजवरचं गाणं

आमच्या बँडचं नाव मी इथं लिहिणार नाही. विशीत ठेवलेलं नाव आहे, आणि चौघांच्याही घरात आता लग्नाची मुलं आहेत. एवढंच सांगतो की ते वसतिगृहाच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं होतं आणि रेक्टरनं दुसऱ्या दिवशी आमच्याकडूनच पुसून घेतलं.

परभणीत शेतकी शिकायला आलेली आम्ही चार पोरं. मामानं गिटार दिली म्हणून मी गिटारवाला. वाजवता येत होती असा कुणाचा गैरसमज नको. ड्रमवाला आज जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक आहे आणि कमरेला पट्टा बांधल्याशिवाय खुर्चीत बसत नाही. तिसरा बेस गिटार वाजवायचा. तो पुण्यात एका कंपनीत मोठा साहेब झाला. आणि चौथा आमचा गायक, जो बोलताना अडखळतो.

अडखळणारा माणूस गातो कसा, असं मला आजवर शंभर जणांनी विचारलं असेल. त्याचं उत्तर आमच्या मेसमध्ये आहे. एका रात्री वरण इतकं पातळ आलं की ताटाची नक्षी दिसायला लागली. गायक, म्हणजे तेव्हा नुसताच एक अडखळणारा पोरगा, तक्रार करायला ताट घेऊन उठला आणि ‘व’वरच अडकला. व, व, व. मागं भाताची वाट बघत बसलेल्या पोरांनी कंटाळून ताटं बडवायला घेतली होती. त्या ठेक्यावर याच्या तोंडून सगळं वाक्य एका दमात बाहेर पडलं, “वरणात डाळ हाय का?” अख्खी मेस ओरडली, “न्हाई!” “मीठ तरी हाय का?” “न्हाई!” तो थांबायलाच तयार नव्हता. एकोणीस वर्षांचं साठलेलं होतं ना.

तिथं आमचा बँड जन्माला आला. पुढं हैदराबादच्या एका सीनियरनं कसली तरी कॅसेट ऐकवली. त्यातल्या लोकांनाही आमच्याइतकंच वाजवता येत होतं आणि तेही आमच्याइतकेच चिडलेले होते. याला पंक म्हणतात, असं त्यानं सांगितलं. आपल्याला येत नाही त्या गोष्टीला बाहेर जगात नाव आहे म्हटल्यावर आम्हाला केवढा धीर आला. दोन वर्षं आम्ही गॅदरिंगं गाजवली, मग परीक्षा झाल्या, नोकऱ्या लागल्या, आणि मी परभणीत बी-बियाणांचं दुकान टाकून औषधाच्या बाटल्या विकू लागलो.

गायक गावी परतला. पिंगळी स्टेशनवर उतरून पुढं जावं लागतं, तिथं त्याची शेती. गावानं त्याचं गाणं कधी ऐकलंच नाही. गावाला ठाऊक तो फक्त अडखळणारा. लोक वाईट नाहीत हो, उलट फार भले आहेत, आणि तोच खरा ताप आहे. तो बोलायला लागला की भल्या मनानं कुणीतरी त्याचं वाक्य पुरं करून टाकतं. यात सगळ्यात पुढं त्याच्या बांधाशेजारचे म्हातारबा. गायकाला चहा आवडत नाही, पित्त होतं. पण तो ‘च’ म्हणेपर्यंत म्हातारबा कप हातात देतात, ‘चहा नको’मधलं ‘नको’ ऐकायला थांबतंय कोण? असा तो तीस वर्षं चहा पीत आला आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर आला. समोर एक वाक्य पुरं न होणारा हा माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर किती लिहितो ते काय सांगू! त्याच्या शेताकडं जाणारा पाणंद रस्ता चिखलात गेला होता. गावातली निम्मी शेतं त्याच वाटेवर, आणि गावाबाहेरच्या वस्तीवरून शाळेत येणाऱ्या मुलींची वाटही तीच. म्हणून तो ग्रामसभेत उभा राहिला आणि ‘पा’वर अडकला. म्हातारबा लगेच म्हणाले, “पान्याचं म्हनायलाय त्यो.” सरपंचांनी मान डोलावली, पाण्याची टाकी धुवायचा ठराव झाला, टाळ्या पडल्या, आणि हा उभाच. खाली त्यानं लिहिलं होतं, “मला एकदा माझ्या गावासमोर माझं वाक्य मी स्वतः पुरं करायचंय. गाण्यातच जमेल. तुमी येता का?”

ते मी दुकानातच वाचलं. समोर गिऱ्हाईक कीटकनाशक मागत होतं, त्याला मी गोगलगायीचं औषध दिलं.

सराव माझ्या गोदामात झाला, खताच्या पोत्यांमध्ये. मुख्याध्यापक पट्टा आवळून ड्रमवर बसले आणि पहिल्या दहा मिनिटांत म्हणाले, “मधी मधी सुट्टी असती का?” पुण्याचा साहेब कानात घालायचे बोळे घेऊन आला होता आणि दर दोन मिनिटांनी साउंड चेक, साउंड चेक करत होता. माझी बायको डबा घेऊन आली, दारात उभं राहून तिनं अख्खं गाणं ऐकलं आणि शांतपणे विचारलं, “हे गाणं हाय का भांडण?” आम्ही म्हणालो, दोन्ही. ती म्हणाली, “मग भांडणात इतका येळ लावू नका,” आणि डबा ठेवून गेली. तिचं चुकलं नव्हतं. वसतिगृहात गाणं पावणेदोन मिनिटांचं होतं, आता आमच्या गुडघ्यांमुळं ते चार मिनिटांवर गेलं होतं.

शब्द गायकानं नवे लिहिले होते. चाल तीच, मेसमधली, कारण आम्हाला दुसरी येत नाही. फक्त वरणाच्या जागी रस्ता आला होता.

कार्यक्रम ठरला जानेवारीत, गायकाच्या शेतात, हुरड्याच्या निमित्तानं. ज्वारी हुरड्यात आलेली, त्यामुळं गावाला आमंत्रण ‘हुरडा आणि ऑर्केस्ट्रा’ असं गेलं. पंक हा शब्द आम्ही दडवला. पंक म्हटलं तर म्हातारबांनी सायकलचं पंक्चर काढायचं सामान आणलं असतं. गावात मारुतीच्या देवळात सप्ताह बसला होता म्हणून तिथं कर्णे लावता येत नव्हते. मांडववाल्याचा जनरेटर दुसऱ्या गावी लग्नाला गेला होता. शेतात लाईट होती, पण शेतीच्या लाईनीवरची, मोटारींसाठीची थ्री फेज, ठरल्या वेळेला येणारी. मी गायकाला विचारलं, “लाईट कवा येती?” त्यानं लिहिलं, “या आठवड्यात दिवसपाळी हाय. दहाला.”

मग कार्यक्रम सकाळी दहाला. जगात पंकचा कार्यक्रम सकाळी दहाला, शेणानं सारवलेल्या खळ्यावर, हुरड्याच्या धुरात झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण आम्ही चौघंही शेतकी शिकलेले, विचार करून ठरवलेलं. लाईट असेल तेव्हाच कार्यक्रम ठेवला, याचा आम्हाला अभिमानच वाटत होता.

नऊपासून लोक जमायला लागले. बाया एका बाजूला, गडी एका बाजूला, पोरं कर्ण्यांच्या खाली. बाभळीला दोन कर्णे बांधलेले. आगटीत कणसं भाजत होती, हातावर चोळलेला गरम हुरडा आणि तिळाची चटणी फिरत होती. साडेनऊला खळं गच्च भरलं. सरपंच आले, त्यांना खुर्ची दिली. म्हातारबा अगदी पुढं, पागोटं सारखं करून. गायक मागं उभा राहून माईकची वायर सारखी गुंडाळत आणि सोडत होता. मी विचारलं, “घाबरलास का बे?” तो म्हणाला, “घ... घ...” आणि मी ते पुरं करायला गेलो नाही. बऱ्याच वेळानं त्याचं पुरं झालं, “घसा को-कोरडा पडलाय.”

दहा वाजले. लाईट आली. कर्ण्यांतून भला मोठा घूं असा आवाज झाला, मुख्याध्यापकांनी काठ्या उचलल्या, मी गिटारीवर हात आपटला, आणि अख्खं खळं एकदम उभं राहिलं.

मला क्षणभर वाटलं, नाचायला उठले. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पहिल्याच सुराला माणसं उठली. पण ती उठली आणि चालायला लागली. कुणी चपला शोधतंय, कुणी पोराला हाक मारतंय, “आरं, लाईट आली, मोटार चालू कर,” कुणी धोतर खोचून पळतंय. गव्हाला पाणी द्यायचं होतं. मागचा आठवडाभर रात्रपाळी सोसून आलेली दिवसाची लाईट, ती कुणी आमच्यासाठी वाया घालवणार होतं? मोटार चालू करायची, मग खोरं घेऊन दारं धरायचं, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं. सरपंचसुद्धा खुर्चीवरून उठले. त्यांचाही दीड एकर हरभरा होता. मी गायकाकडं बघितलं तर माईक हातात घेऊन तोही सवयीनं दोन पावलं स्वतःच्या मोटारीच्या स्टार्टरकडं गेला होता.

लाईट आली की शेतकरी मोटारीकडं जातो, एवढं आमच्या चारही पदव्यांना सुचलं नव्हतं.

खळ्यावर उरली हुरडा खाणारी चार पोरं, बाया आणि एक शेळी. पुण्याच्या साहेबानं कानातले बोळे काढले आणि मला म्हणाला, “पॅक अप करू या का?” मला त्याचा फार राग आला. मी काही बोलायच्या आत मुख्याध्यापकांनी ठेका धरला. तोच मेसमधला, ताटं बडवायचा. नंतर म्हणाले, कंबर आखडली होती, म्हणून थांबता आलं नाही. मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

गायकानं ठेका ऐकला. डोळे मिटले आणि रिकाम्या खळ्याकडं तोंड करून ओरडला, “पावसात गाडी जाती का?”

काही नाही. शेळीनं मान वर केली. मोटारींची घरघर तेवढी चालू होती.

“पावसात गाडी जाती का?”

आणि लांबून, उसाच्या पलीकडून कुठून तरी, एक बारीक आवाज आला, “न्हाई!”

बाभळीवरचे कर्णे सप्ताहाला लावतात तसले होते ना, ते शिवारभर पोचतात. लोक उठून गेले होते, पण ऐकण्याच्या टापूतून गेले नव्हते. प्रत्येक जण आपापल्या वाफ्यात खोरं घेऊन उभा होता आणि त्याला ऐकण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. “पोरगी शाळंत पोचती का?” आता दोन-तीन आवाज, एक विहिरीकडून, एक ओढ्याकडून, एकामागून एक, “न्हाई! न्हाई!” आगटीजवळच्या बायांनीही हुरडा चोळता चोळता सुरू केलं. “बैल चिखलात रुतला का न्हाई?” इथं उत्तर ‘रुतला’ असायला हवं होतं, पण लोकांना ‘न्हाई’ची चटक लागली होती. गायक हसला. गाताना हसला, आणि तरी अडखळला नाही. मी गिटारीची एक तार तोडली, ते कुणाला कळलंसुद्धा नाही.

“कागदावर रस्ता हाय का?”

“हाय!” हे मात्र सगळं शिवार बरोबर म्हणालं.

“पायाखाली—”

लाईट गेली.

कर्णे बंद पडले आणि त्यांच्याबरोबर सगळ्या मोटारीही. इतकं शांत झालं की आगटीतलं कणीस तडकलेलं ऐकू आलं. गायक तोंड उघडं ठेवून उभा होता. ठेका तुटला होता, आणि ठेका तुटला की त्याचं काय होतं ते मला माहीत होतं. त्याचे ओठ हलायला लागले. प, प, प. राहिलेले शब्द सगळ्या गावाला न सांगता कळले होते, शेळीलाही कळले असतील. आता कुणीतरी भला माणूस ते म्हणून टाकणार आणि याची तीस वर्षं पाण्यात जाणार. मी मनातल्या मनात सगळ्या भल्या माणसांना शिव्या दिल्या.

गव्हातून म्हातारबांची हाळी आली.

“थांबलास कामून? म्हन की पुढं. आमी उभं हाव.”

एवढंच. पुढचे शब्द ते म्हणाले नाहीत. कुणीच म्हणालं नाही. सगळं शिवार खोरी धरून उभं होतं. मुख्याध्यापक काठ्या उचलायला लागले तर गायकानं हात करून त्यांना थांबवलं. त्यानं माईक खाली ठेवला. वेळ लागला. बराच लागला. “प... पा... पायाखाली...” श्वास घेतला. “पायाखाली ह-हाय का?”

“न्हाई!” असं काही आलं चहूबाजूंनी की बाभळीवरचे बगळे उडाले. सरपंचांचाही आवाज त्यात होता, मी स्वतः ऐकला. पुण्याचा साहेब तोंड फिरवून कानातले बोळे शोधत होता, आणि ते त्याच्या हातातच होते.

लाईट काही परत आली नाही. मग लोकच परत आले, बांधाबांधानं, गुडघ्यापर्यंत चिखल, हुरडा संपला का बघत. आम्ही गाणं पहिल्यापासून पुन्हा केलं, लाईटीशिवाय, म्हणजे माझी आणि साहेबाची गिटार कुणालाही ऐकू न येता, जे गाण्याच्या फायद्याचंच झालं. तीनदा केलं. गावाला ते पाठ झालं. रस्ता अजून झालेला नाही, पण ग्रामसभेत आता सरपंच विषय टाळायला लागले की मागून कुणीतरी ताट बडवतं, असं गायकानं लिहिलंय.

आवराआवर चालू होती. म्हातारबा आगटीवरची किटली घेऊन आले, कप भरला आणि सवयीनं गायकापुढं धरला.

“च...” गायक म्हणाला.

म्हातारबांचा हात पुढं आला होता, तो तिथंच राहिला. कप धरून ते उभे राहिले. वाफ त्यांच्या मिशांवर जात होती. “च... चहा...” आम्ही तिघंही वायरी गुंडाळायच्या थांबलो.

“चहा न... नको.”

म्हातारबांनी कपाकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

“आरं मग इतकी वर्सं पिलास कामून?” ते म्हणाले, आणि उत्तर ऐकायला तिथंच खाली बसले.