सुनेच्या हातातलं भांडं

लग्नाला सहा महिने झाले होते. सासऱ्यांना, म्हणजे मामांना, जुलाब-उलट्यांनी अर्धमेलं केल्यावर पेठ वडगावहून कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा नवरा एसटी घेऊन गगनबावड्याला मुक्कामी होता. सासूबाई आधीच वारलेल्या. जवळ मी एकटीच.

डॉक्टरांनी मापाचं भांडं आणि तक्ता माझ्या हातात दिला. "लघवीचा थेंब न थेंब मोजायचा. दिवसाला चारशे मिलीच्या खाली आली तर ऑलिग्युरिया, शंभराच्या खाली ॲन्युरिया. अंगातलं पाणी आटलं की किडनीवर येतं." साखर वाढली की उलट तीन लिटरच्या वर जाते, तो पॉलियुरिया, हे शेजारच्या खाटेवरच्या पेशंटमुळं कळलं. मी शब्द लिहून घेतले. बारावी सायन्स झालेली, तेवढाच तोरा.

दुपारपर्यंत सलाइनच्या चार बाटल्या संपल्या, तक्त्यावर मात्र एकदाच साठ मिली. मी दर तासाला विचारायचे, "मामा, भांडं देऊ?" ते भिंतीकडं बघून म्हणायचे, "न्हाय आली." चारला डॉक्टरांनी तक्ता बघितला, रक्ताचा रिपोर्ट बघितला. तोही थोडा बिघडलेलाच. "किडनी साथ देत नाहीये. मानेतून नळी घालून डायलिसिस करावं लागेल. सही करा."

मी पेन उघडलं, तेवढ्यात शेजारच्या पेशंटची बायको कडाडली, "कसली सही करतीस? तू औषधं आणाय गेलीस की म्हातारं सलाइनची बाटली हातात धरून संडासात जातंय. तीनदा गेलतं की!"

माझं डोकंच फिरलं. सासऱ्यांसमोर कधी मान वर न केलेली मी अख्ख्या वॉर्डासमोर ओरडले, "मानेला भोक पाडणार हुते, मामा! बोलला का न्हाई?"

मामांनी तोंडावर टॉवेल ओढला. "सुनंच्या हातात मूत द्यायचं व्हय? त्यापरीस मेलेलं बरं."

हे ऐकून डॉक्टरांनी लघवी मोजून दाखवायला एक तास दिला. मी भांडं मामांच्या हातात कोंबलं आणि पाठ करून उभी राहिले. मनात राग होता, आणि त्यांची कीवही येत होती. घड्याळ काही हलेना. पाऊण तासानं चादरीखालून भांडं धरलेला हात बाहेर आला. मी भांडं उजेडाला धरलं.

"अडीचशे," मी म्हणाले.

टॉवेलाआडून मामांनी हळूच विचारलं, "पुरंल न्हवं गं एवढं?"