खोडातला चोकअप

चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्या आणि टाक्या दुरुस्त करून वॉशरकाका घरी बसले. बसले म्हणायचं आपलं. खरं तर ते गच्चीवर गेले. खिशात सदा दोन-चार वॉशर असायचे म्हणून हे नाव, आणि बायकोसुद्धा रागावली की तेच वापरायची. गच्चीवर टोमॅटोच्या सात कुंड्या त्यांनी उतरत्या फळ्यांवर मांडल्या होत्या. पहिल्या कुंडीतून झिरपलेलं पाणी नळीने दुसरीत, तिथलं तिसरीत. पाहुण्यांना हे दाखवल्याशिवाय काका त्यांना चहा मिळू देत नसत.

एका दुपारी सगळ्यात वरच्या झाडाने मान टाकली. पानं हिरवीगार, पण ओल्या फडक्यासारखी लोंबलेली. काकांनी मातीत बोट खुपसलं, ती ओलीच होती. पानं उलटून पाहिली, तर ना मावा, ना पांढरी माशी. संध्याकाळी झाड सावरलं, दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच.

"लोकांचे नळ गळायचे, आता आपली झाडं गळपटायला लागली," बायको म्हणाली. "पाणी घाला अजून."

"अगं, पाणी भरपूर आहे, वर चढत नाहीये. मध्येच कुठेतरी चोकअप आहे."

चौथ्या दिवशी दुसरंही झाड मलूल झालं, तेव्हा काका रोपवाटिकेतल्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "काका, खोड बुडाशी कापा. तुकड्याचं कापलेलं टोक काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात टांगा. हलवू मात्र नका."

काकांनी तुकडा दोऱ्याने पेन्सिलीला बांधून ग्लासात सोडला आणि गुडघे टेकून डोळा काचेला लावला. दोन मिनिटं काहीच नाही. मग कापल्या जागेतून दुधासारखा पांढरा धागा अलगद खाली उतरू लागला.

"अगं, लवकर ये!"

बायको वाकून बघतच राहिली. काकांनी बाईंना फोन लावला.

"जंतू आहेत ते," बाई म्हणाल्या. "खोडातल्या बारीक नळ्या त्यांनीच बुजवल्यात. औषध नाही त्यावर. झाड मातीसकट काढून टाका, कात्री उकळून घ्या. आणि त्या कुंडीचं पाणी दुसऱ्या झाडाला लागू देऊ नका."

काकांची नजर आपल्या नळ्यांवरून एकेका कुंडीला शिवत खाली गेली. रोग त्यांनी स्वतःच्या हाताने घरपोच पोचवला होता.

"तुम्हाला तरी काय ठाऊक होतं!" बायको हळूच म्हणाली. त्या दिवशी तिने वॉशरकाका म्हटलं नाही.

सगळ्या नळ्या निघाल्या. वरची चार झाडं गेली. खालच्या तिघांना काकांनी एकमेकांपासून लांब, वेगवेगळ्या ताटल्यांत ठेवलं. पण मन स्वस्थ बसेना. त्यातल्या एका टवटवीत झाडाची बाजूची फांदी कापून त्यांनी तीही पाण्यात टांगली. अर्धा तास गुडघ्यांवर होते. पाणी नितळ राहिलं.

पुढे तिघांतलं एक झाड वाळलंच. उरलेल्या दोघांनी मिळून एकोणीस टोमॅटो दिले.