चौथा पाय

मंडळी, आज घोडेगावच्या बाजारात बैलाला नाल ठोकायला नेलं होतं.

आमचे नालबंद रशीदभाई तीन पाय उरकून चौथ्याला हात घालणार, तेवढ्यात त्यांना घरून फोन आला. वडील गेले होते.

मी म्हणालो, "भाई, राहू द्या. तुम्ही निघा."

"बैल लंगडत जाईल, भाऊ. बहात्तरच्या दुष्काळात आजोबा गेले, तवा अब्बांनीबी हातातला बैल पुरा करूनच जनाज्याला खांदा दिला हुता."

त्यांनी एकेक खिळा नीट ठोकला. बैलाचे पाय सोडले. मग रडले.

बैल सरळ चालत घरी आला. अशा फोननंतरही पुरं करावंसं वाटेल, असं काम माझ्या हातात नाही. तुमच्या आहे?