द्वारकाबाईचा चुना

मी कडुबा गवंडी. माझं डोकं लवकर तापतं, हे अख्ख्या औरंगपुऱ्याला ठाऊक आहे. पण चुन्याच्या बाबतीत माझ्या कामावर चुना भिजवणाऱ्या द्वारकाबाईपुढं माझी मात्रा चालायची नाय. चुन्याची कळी हौदात टाकली की पाणी खदखदतं, खडे फुटून मऊ लगदा होतो. तो ती तीन आठवडे पाण्याखाली मुरवायची, मग गाळायची. न भिजलेला एक खडा जरी गिलाव्यात गेला, तरी तो ओल पितो, फुगतो आणि फुटून खाली पडतो.

त्र्याहत्तरचा दुष्काळ लई वाईट. मुकुंदराव वकिलांच्या नव्या खोलीचं काम माझ्याकडं होतं. त्यांची लेक कालिंदी दवाखान्यातून बाळाला घेऊन थेट याच खोलीत येणार होती. टँकरचा काही भरवसा नाय. मी वैतागून म्हणालो, "बाई, अर्ध्या पाण्यात उरका. पाचव्या दिवशी छताचा गिलावा करायचाय."

"कच्चा राहील."

"काय होत नाय," म्हणून मी माझंच खरं केलं.

छत झालं आणि आठवड्यानं बाई कामावरून गायब. शोधत खोलीत गेलो, तर ही पाळण्याच्या कडीखाली उताणी पडलेली, नजर छताला.

"उठा. ही काय झोपायची जागा हाय व्हय?"

"पोर इथंच पडणार, असं वर बघत." तिनं आपल्या अधू डोळ्याला हात लावला. तो देवीच्या आजारानं गेला असं मी अकरा वर्षं धरून चाललो होतो. "चुन्यानं गेला ह्यो. तिळाएवढा खडा होता."

उद्याच बाळ येणार होतं. बाईला उठवलं आणि तिच्या जागी मी आडवा झालो. तास गेला, दोन गेले. उगाच घाबरवलं बाईनं, असं मनात येतंय तोच टक् आवाज झाला आणि गिलाव्याची खपली माझ्या गालावर पडली. डोळ्यापासून दोन बोटं खाली.

नेमके वकीलसाहेब दारात आले. "कडुबा, उद्या पोरगी येतेय आणि तू लोळतोस?"

मी छिन्नी उचलली, शिडीवर चढलो आणि त्यांच्यासमोर छताचा गिलावा उतरवायला घेतला. "बाळाला अजून महिनाभर आणू नका साहेब. चूक माझी हाय, बाईची नाय."

ते लई बोलले. मी ऐकून घेतलं. द्वारकाबाईनं मला हाताला धरून खाली ओढलं आणि म्हणाली, "आधी डोळ्यांवर फडकं बांध."