पत्र्याखालची भोगावती

२०२३ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि नात नववीत गेली होती. त्या वर्षी तिच्या हायस्कुलात जे झालं ते आठवलं की अजून तोंडाची चव जाते.

एप्रिलमध्ये पालकांची सभा घेतली. नवीन मुख्याध्यापिका आल्या होत्या, कुठलंसं प्रशिक्षण करून. पडद्यावर चित्रं दाखवत म्हणाल्या, शाळा फार मोठी झालीय, मुलं गर्दीत हरवतात, म्हणून नववी-दहावीची चार छोटी कुटुंबं करायची. प्रत्येक कुटुंबाला आपले पाच शिक्षक, आपल्या खोल्या. दोन वर्षं मुलं त्याच कुटुंबात. नावं नद्यांची: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. "चारही सारखी. कुणी वर नाही, कुणी खाली नाही," असं त्या तीनदा म्हणाल्या. तेव्हाच मला वास यायला पाहिजे होता.

पण मला पटलं होतं, खोटं कशाला बोलू. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी सदतीस वर्षं मोल्डर होतो, म्हणजे वाळूचे साचे करणारा. लहान टोळीत काम चांगलं होतं हे मला कुणी शिकवायला नको. पाच माणसं असली की आज कोण गप्प आहे, कुणाचा हात भाजलाय, सगळं कळतं. सभेत टाळ्या वाजवल्या मी. त्या टाळ्यांची आता लाज वाटते.

मग घरी फॉर्म आला. मुलाची आवड काय, घरी कुठली कामं येतात, पुढं काय व्हावंसं वाटतं. सून म्हणाली, "मामंजी, तिचं तिला भरू द्या की." मी म्हणालो, "पहिलीपासून शाळेत सही माझी हाय. ह्यो बी मीच भरणार." चौथी शिकलेला माणूस मी, पण अक्षर ठसठशीत आहे माझं.

नात शेजारी बसून सांगत होती, "आज्जा, लॅब लिही. लोखंड तपासायची लॅब."

ह्याच्यामागं एक गोष्ट आहे. खंडेनवमीला फाउंड्री धुवून काढतात, भट्टीला हार घालतात, घरची माणसं बघायला येतात. मी रिटायर झालो तरी मालक बोलावतात. नात पाचवीत असताना तिला नेलं होतं. मला तिला माझी जागा दाखवायची होती, जिथं उभं राहून सदतीस वर्षं गेली ती. पण ही पोरगी लॅबच्या काचेला नाक लावून उभी राहिली. आत पांढऱ्या कोटातली एक बाई लोखंडाचा तुकडा तपासून त्यात काय काय किती आहे ते काचेपलीकडून तिला सांगत होती. परत येताना म्हणाली, "आज्जा, मला ती बाई व्हायचंय." माझ्या जागेबद्दल एक शब्द नाही.

आणि लॅबवाल्यांचं आणि आमचं कधी जमलं नाही. आम्ही आगीपुढं उभं राहायचं आणि ह्यांनी पंख्याखाली बसून चिठ्ठी पाठवायची, माल नापास. म्हणून मी लॅब लिहिलं नाही. लिहिलं, "नात फाउंड्रीत जाणार. घरातली तिसरी पिढी. हाताला काम आहे." कारण माझा मुलगाही तिथंच मशीनवर आहे. कागदाची घडी घातली आणि नातीला म्हणालो, "लिवलं सगळं."

जूनमध्ये याद्या लागल्या. कासारी वरच्या मजल्यावर, नव्या प्रयोगशाळेला लागून. भोगावती मैदानाच्या पलीकडं, सायकल स्टँडच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं आधी मोडकी बाकं ठेवायचे. तिथं शिलाई मशीन आणि मोबाईल दुरुस्ती. विज्ञान नुसतं पुस्तकातून. नात भोगावतीत.

मी गेलो शाळेत. आधी शेडच्या दारात उभा राहिलो. बघतो तर निम्म्या पोरांचे बाप माझ्या ओळखीचे. वाळू चाळणारा, भट्टीवरचा, मार्केट यार्डातला हमाल, ऊस तोडणारा. एकजात सगळी आमचीच. डॉक्टर-वकिलाचं एक पोर नव्हतं. अंगावर पाल पडावी तसं झालं मला.

ऑफिसच्या दारात शिपाई म्हणाला, "पावणं, कुणाकडं?"

"तुमच्या बाईंकडं."

"मॅडम मीटिंगमध्ये हायत."

"मग मी बी मीटिंगलाच आलोय की," म्हणालो आणि आत गेलो.

मॅडम गोड बोलल्या. "या आजोबा, बसा." मी बसलो नाही. विचारलं, नात शेडमध्ये का? त्यांनी फाईल काढली आणि माझाच फॉर्म माझ्यापुढं ठेवला. "हे अक्षर तुमचंच ना? फाउंड्रीत जाणार, हाताला काम आहे. आम्ही फक्त आवड बघितली, आजोबा. भोगावती हे कौशल्याचं कुटुंब आहे."

माझं ठसठशीत अक्षर माझ्याकडं बघत होतं. पण मी गप्प बसणारा नव्हे. म्हणालो, "बाई, डॉक्टरच्या पोरानं क्रिकेट लिवलं आसंल. मग त्याला क्रिकेटच्या शेडमध्ये टाकलासा का?"

मॅडम पेनाची उघडझाप करत राहिल्या.

"आमच्याकडं ओतलेलं कास्टिंग गार झाल्यावर हातोडीनं ठोकत्यात, आवाज ऐकत्यात, मग पास का नापास ते ठरतं. तुम्ही तर लोखंड ओतायच्या आधीच नापासाचा ढीग लावलासा."

"आवाज खाली ठेवा," त्या म्हणाल्या. आता गोड नव्हत्या. "तुम्हाला बदल हवा असेल तर लेखी द्यावं लागेल. फॉर्मवर चुकीची माहिती भरली असं पालकांनी लिहून द्यायचं. उद्यापर्यंत. परवा हजेरीपट पक्के होतात."

"मी माफीनामा लिवत न्हाय," म्हणून मी उठून आलो. उठून म्हणजे, बसलो तर नव्हतोच.

फाउंड्रीत एकदा सुपरवायझरशी भांडण झालं होतं. माफीनामा लिही, मग कामावर ये, म्हणाले. दोन महिने घरी बसलो, पण लिहिला नाही. शेवटी त्यांनीच बोलावलं. हे मी छाती काढून कितीदा सांगितलं असेल. नातीनं तर शंभरदा ऐकलंय.

घरी आलो तर ती गणवेशाला इस्त्री करत होती. मी शाळेत काय झालं ते सांगितलं, शेड, डॉक्टरची पोरं, सगळं. फॉर्मचं सोडून. तिनं इस्त्री उभी केली.

"आज्जा, तू लॅब लिवलतंस न्हवं?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"न्हाय लिवलंस?"

"फाउंड्री लिवलं."

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. शिलाई शिकते. तुझ्या सदऱ्याची बटणं तरी लावीन." आणि हसली. भांडली असती तर बरं झालं असतं. त्या हसण्यानं मला शाळेपेक्षा माझीच जास्त शिसारी आली. सदतीस वर्षं लॅबवाल्यांच्या चिठ्ठ्यांचा राग धरला, आणि घरच्या पोरीवर नापासाची चिठ्ठी मीच चिकटवली.

सून आतून म्हणाली, "मामंजी, दोन ओळी लिवायच्यात. भट्टीत हात घालायचा न्हाय."

मी जेवलो आणि आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी नातीच्या वहीतली दोन पानं फाडली. एकावर लिहिलं, "नातीला लोखंड तपासायच्या लॅबमध्ये जायचं आहे. तिनं मला सांगितलं होतं. मी मुद्दाम लिहिलं नाही. चूक माझी आहे, तिची नाही." खाली सही केली आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग तिच्याबरोबर शाळेत गेलो. मॅडमनी वाचलं, शेरा मारला, कासारी. नात जिना चढून वर गेली.

मी खुर्ची ओढून बसलो. दुसरं कोरं पान मॅडमपुढं सरकवलं आणि म्हणालो, "माझी चूक मी लिवून दिली, बाई. आता शेडमधल्या बाकीच्या पोरांबद्दलची तुमची चूक तुम्ही लिवा. मी थांबतो."